गल्ल्यावर बसायचंय? आधी हाताला क्रम लावा

मालवणातल्या एका खानावळीत मी पहिल्यांदा गल्ल्यावर बसले तेव्हा मे महिना चालू होता, पर्यटकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि आपल्याला तोंडी हिशेब उत्तम येतो असा माझा ठाम समज होता. त्या रात्री ४६० रुपये कमी आले. बेरीज एकही चुकली नव्हती. झालं होतं असं, की एका गिऱ्हाइकाने १०० ची नोट दिली, मी ती लगेच ड्रॉवरात टाकली, आणि तो म्हणाला, "मी पाचशे दिले होते." मागे दहा माणसं उभी. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी मुकाट ४०० रुपये जास्त परत केले. उरलेले ६० कुठे गेले ते आजतागायत कळलेलं नाही.

मालकीणबाई, म्हणजे काकी, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गो बाय, हिशोब मशीन करता. तू तुझो हात सांभाळ."

पुढे किराणा, मग मेडिकल, आता कुडाळला एका मोठ्या दुकानाच्या काउंटरवर. काकींचं ते वाक्य सगळीकडे लागू पडलं. नव्याने या कामात येऊ बघणाऱ्या मुलामुलींसाठी हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

काम कुठे आणि कधी शोधायचं

आपल्याकडे या कामाची जाहिरात फारशी येत नाही. दुकानाच्या काचेवर "मुलगी पाहिजे" किंवा "काउंटरसाठी मुलगा पाहिजे" अशी चिठ्ठी लागते, नाहीतर तोंडी कळतं. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, त्यात काही जात नाही. पण खरं काम मिळतं ते चालत जाऊन विचारल्यावर. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी इथल्या बाजारपेठांत सुपरमार्केट, मेडिकल, बेकऱ्या, कपड्यांची दुकानं बारा महिने चालतात. मालवण, गणपतीपुळे, दापोली, गुहागर, अलिबाग या बाजूला खानावळी आणि रिसॉर्टना हंगामी माणूस लागतो. पेट्रोल पंपावरही लागतो, पण तिथे रोख खूप आणि पाळ्या रात्रीच्या, म्हणून पहिली नोकरी तिथे धरू नका असं माझं मत.

वेळ साधणं महत्त्वाचं. मेच्या गर्दीसाठी मार्चमध्ये विचारा, गणपतीसाठी निदान महिनाभर आधी, दिवाळी आणि डिसेंबरसाठी सप्टेंबर संपता संपता. चाकरमानी गाड्यांतून उतरायला लागले की मालकाला तुम्हाला शिकवायला वेळ नसतो. तेव्हा घेतलेला माणूस पिशव्या भरायलाच राहतो. दुकानात जायचं ते दुपारी तीन-चारच्या सुमारास. सकाळी माल उतरत असतो, संध्याकाळी गिऱ्हाईक असतं.

बँकेतला रोखपाल ही वेगळी वाट आहे, त्याला स्पर्धा परीक्षा द्याव्या लागतात. इथे मी दुकानाच्या गल्ल्याबद्दलच बोलते आहे.

शिक्षण दहावी-बारावी पुरतं. एमएससीआयटी केलेलं असेल तर उत्तम, टॅली येत असेल तर पुढे हिशेबनीस म्हणून सरकायला उपयोग होतो. मराठीबरोबर कामापुरती हिंदी हवी. सोबत आधार, पॅन, बँक पासबुक आणि दहावीच्या गुणपत्रिकेच्या छायाप्रती न्या. मूळ कागद कोणाकडे ठेवायला देऊ नका आणि "अनामत भरा, मग कामावर घेतो" म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

मुलाखत म्हणजे बहुतेक वेळा "कुठली तू? कोणाची?" इथून सुरुवात. याचा राग मानू नका. गल्ला परक्या माणसाच्या हातात द्यायचा असतो, मालकाला ओळखीचा धागा हवा असतो. गावातल्या एखाद्या दुकानदाराला किंवा शाळेतल्या बाईंना आधी विचारून ठेवा, म्हणजे त्यांचं नाव सांगता येईल. मग एखादी नोटांची गड्डी हातात देऊन मोजायला सांगतात. सावकाश मोजा, दोनदा मोजा. भरभर मोजून चुकीचा आकडा सांगणारा परत बोलावला जात नाही.

तुम्हीही चार गोष्टी विचारून घ्या. ड्रॉवर आणखी कोण उघडणार? तूट आली तर काय करता? आठवड्याची सुट्टी कधी? आणि सगळ्यात आधी, रात्री हिशेब संपतो किती वाजता? शेवटची एसटी साडेसातला आणि दुकान बंद होतं नऊला, अशी गाठ पडली तर पगार कितीही चांगला असला तरी ती नोकरी दोन महिन्यांवर टिकत नाही. माझी एक सुटली ती अशीच.

तुटीबद्दल जरा स्पष्ट बोलून घ्यावं. "कमी आलं की पगारातून कापणार" हे सरसकट चालत नाही. तुमच्या ताब्यातल्या पैशांत तुमच्या हलगर्जीपणामुळे तूट आली असेल तरच कपात करता येते, आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. वेतनाच्या कायद्यातच तसं आहे. पण ड्रॉवरात मालक, मालकाचा मुलगा आणि तुम्ही अशा तिघांचे हात जात असतील, तर तूट कोणाची हे देवही सांगू शकणार नाही. म्हणून तो पहिला प्रश्न.

एक व्यवहार, सावकाश

सकाळी बसताना ड्रॉवरात किती आहे ते स्वतः मोजा, वहीत लिहा, देणाऱ्याची सही घ्या. याला कोणी ओपनिंग म्हणतं, कोणी सुरुवातीची शिल्लक. "मोजलेत गो, ठेव" असं कोणी म्हणालं तरी मोजायचे. नोटांचे खण ठरलेले: मोठी नोट एका टोकाला, तिथून उतरत्या क्रमाने. सगळ्या नोटा एकाच तोंडाने. डोळे मिटून हात घातला तरी ५० च्या जागी ५०० येता कामा नये.

आता समजा बिल झालं ३८७ रुपये. गिऱ्हाइकाने ५०० ची नोट पुढे केली. क्रम असा.

आधी आकडा मोठ्याने: "तीनशे सत्त्याऐंशी झाले." नोट हातात घेतानाही मोठ्याने: "पाचशे दिले." हे गिऱ्हाइकासाठी, मागच्या माणसासाठी आणि वर लावलेल्या कॅमेऱ्यापेक्षाही स्वतःच्या कानासाठी. नोट ड्रॉवरात टाकायची नाही. ती ड्रॉवरच्या वर, दोघांनाही दिसेल अशी आडवी ठेवायची. मी तिच्यावर एक पितळी वजन ठेवते, पंख्याने उडू नये म्हणून. मग विचारा, "सात रुपये सुट्टे आहेत?" असतील तर ५०७ मधून ३८७ गेले, परत द्यायचे सरळ १२०. एक शंभर, एक वीस, काम संपलं. नसतील तर ११३ द्यावे लागतात आणि तुमची चिल्लर रिकामी होत जाते.

परत देताना वजाबाकी करू नका, चढत मोजा: "तीनशे सत्त्याऐंशी, हे तीन, झाले नव्वद, हे दहा, चारशे, हे शंभर, पाचशे." पैसे गिऱ्हाइकाच्या हातात गेले, त्याने बघितले, मग ती पाचशेची नोट उचलून खणात आणि ड्रॉवर बंद. प्रत्येक वेळी बंद.

रांग कितीही असो, हाच क्रम. बोलायला बारा सेकंद जास्त जातात. भांडणात दहा मिनिटं जातात.

या क्रमाचा सगळ्यात मोठा उपयोग होतो तो हातचलाखीवाल्यांपुढे. माणूस ५०० ची नोट देतो, तुम्ही सुट्टे परत करता, आणि तो म्हणतो, "अरे थांबा, माझ्याकडे सुट्टे आहेत, ती पाचशेची परत द्या." मग मध्येच दुसरं काहीतरी मागतो, शंभराचे पन्नास करून मागतो, फोनवर बोलतो. तीन देवाणघेवाणी एकात एक अडकतात आणि शेवटी तुमच्याकडून एक नोट जास्त जाते. उपाय एकच: पहिला व्यवहार पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. "दादा, आधी हे पूर्ण करूया" एवढंच हसून म्हणायचं.

सुट्ट्यांची तजवीज आदल्या दिवशी करायची असते. गणपतीत सगळे एटीएममधून काढलेल्या कोऱ्या पाचशेच्या नोटा घेऊन येतात, आणि अगरबत्तीचा एक पुडा घेतात. बँकेतून दहा-वीसच्या गड्ड्या आणि नाण्यांच्या पिशव्या वेळेत आणा, भाजीवाल्या मावशींशी आणि देवळाच्या व्यवस्थापकांशी ओळख ठेवा. सुट्ट्यांच्या बदल्यात चॉकलेट देणं मला कधीच पटलं नाही. १० रुपयांचं नाणं "चालत नाही" म्हणणाऱ्याला सांगा की रिझर्व्ह बँकेने वेगवेगळ्या नक्ष्यांची दहाची नाणी काढली आहेत आणि सगळी चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही.

नोट ओळखणं

यंत्र असलं तरी बोटांना सवय हवी. ५०० ची नोट राखाडी, मागे लाल किल्ला. तिरकी केली की मधला धागा हिरव्याचा निळा होतो, आणि खाली उजवीकडचा ५०० आकडाही तसाच रंग बदलतो. उजेडापुढे धरली की रिकाम्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० उमटतो. दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या उठावदार रेघा आहेत, त्या अंगठ्याला लागतात. २०० आणि १०० च्या नोटेवर त्या चार असतात. क्रमांकाचे अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. या सगळ्या खुणा प्रत्येक नोटेवर बघत बसलात तर रांग दिंडीसारखी वाढेल. अंगठा रेघांवरून आणि नजर धाग्यावर, एवढं जमलं की पुरे. शंका आली तरच बाकीचं.

संशयास्पद नोट आली तर "खोटी आहे" असं चारचौघांत ओरडू नका. त्या माणसालाही बहुधा माहीत नसतं. "ही जरा बदलून द्या" म्हणा. रात्री गल्ल्यात सापडली तर मात्र ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. खोटी आहे हे माहीत असताना खपवणं हा गुन्हा आहे. बँक ती जप्त करते, पावती देते, पैसे देत नाही. एका वेळी चारपर्यंत असतील तर बँक महिन्याच्या अहवालातून पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर सरळ गुन्हा नोंदवला जातो.

फाटक्या नोटांचा नियम पाठ करून ठेवा. ५० आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर बँक पूर्ण पैसे देते, ४० ते ८० मध्ये निम्मे. २० पर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, नाहीतर काही नाही. पेनाने काही लिहिलेली नोट चालत नाही ही निव्वळ अफवा. दोन हजारांची नोट अजून कोणीतरी कपाटाच्या तळातून काढून आणतं: रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला ती चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं, कायद्याने ती अजून वैध आहे, पण ऑक्टोबर २०२३ पासून साध्या बँकेत बदलून मिळत नाही. मालकाला विचारल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर ती पोस्टाने पाठवणं किंवा बेलापूर-मुंबईला नेणं तुमच्याच माथी येईल.

पावसाळ्याची आपली वेगळीच तऱ्हा. मासळी बाजारातून आलेल्या नोटा ओल्या, खारट आणि एकमेकींना चिकटलेल्या. दोन दहाच्या एक म्हणून जातात. अशा नोटा वेगळ्या खणात ठेवा आणि रात्री वर्तमानपत्रावर पसरा. बोटाला थुंकी लावून नोटा मोजायची सवय असेल तर सोडा. त्या नोटा कुठे कुठे फिरून आल्यात ते आठवा. बिलाच्या कागदाचे रोल बरणीत घट्ट झाकून ठेवा, ओल धरली की प्रिंटर अडतो, आणि तो नेमका गर्दीत अडतो.

यूपीआय, कार्ड आणि गेलेली रेंज

निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आता मोबाइल पुढे करतं. नियम सोपा: गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे पैसे आले असं नव्हे. ते चित्र कालचं असू शकतं, बनावट ॲपमधलंही असू शकतं. आपला साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये दिसलं, तरच आले. साउंडबॉक्सचा आकडा नीट ऐका. "साठ रुपये प्राप्त" आणि "सहाशे रुपये प्राप्त" यातला फरक मिक्सरच्या आवाजात सहज हरवतो. रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून बघा, म्हणजे क्यूआरवर कोणी दुसरा कागद चिकटवलेला नाही याची खात्री होते. आणि कोणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं तर लगेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जुलैच्या पावसात रेंज जाते तेव्हा खरी परीक्षा. गिऱ्हाईक म्हणतं माझे कापले गेले, आपल्याकडे आलेले नाहीत. वाद घालू नका. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि त्यांचा मोबाइल नंबर वहीत उतरवा. व्यवहार अर्धवट राहिला असेल तर पैसे पाच दिवसांच्या आत त्यांच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत, उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक रोख काढतात. नंतर आपल्याकडे पैसे जमा झालेच, तर वहीतला नंबर असतो. फोन करून परत करा. अशी परत केलेली माणसं पुढच्या मे महिन्यात तुमच्याच खानावळीत जेवायला येतात, हा अनुभव आहे.

कार्ड नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय चालतं, त्यावर पिन लागतो. पिन गिऱ्हाईक टाकत असताना मान वळवा. त्याने तोंडी सांगितला तरी तुम्ही टाकू नका.

भावावरून होणारी भांडणं

भाव ठरवतो मालक, शिव्या खातो गल्ल्यावरचा. खानावळीत हे जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, त्यात सुरमई-पापलेट महागतात, फलकावर मात्र मेचाच भाव राहतो. सकाळी बसल्यावर फलक, मेनूकार्ड आणि बिलाचं मशीन या तिन्हींतला भाव एकच आहे ना, हे बघणं तुमच्या कामात धरा. "आजचा भाव विचारून घ्या" असं लिहिलेल्या मासळीचा दर ऑर्डर घेतानाच सांगितला जातो की नाही, हे वाढप्याला रोज आठवण करून द्या.

पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. थंड करण्याचे म्हणून पाण्याच्या बाटलीवर दोन-पाच रुपये जास्त लावायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. वैधमापन खात्याकडे तक्रार गेली की काउंटरवर उभा असतो तो तुम्ही. चुकीचं बिल झालं तर नोंद पुसून टाकायची नाही, रद्द करायची, कारण लिहायचं आणि वरिष्ठाची सही घ्यायची. गुपचूप रद्द केलेली बिलं हीच मालकाला पहिली शंका देतात, तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी. ओळखीच्यांना, आतेभावाला, गाववाल्याला स्वतःच्या मनाने सूट नाही. "काय गो, आमचाच दुकान ना!" असं म्हणणारे रोज दोन तरी येतात. हसायचं आणि पूर्ण बिल करायचं.

रात्रीचा मेळ

शटर अर्धं खाली आलं की मगच मोजायला बसा. एका खऱ्या दिवसासारखा नमुना देते.

एकूण विक्री ३१,४६०. त्यातले यूपीआय १७,२१५, कार्ड ३,४८०, उधारी ६४०. म्हणजे रोख विक्री १०,१२५. सकाळची शिल्लक २,०००. दिवसात गल्ल्यातून बर्फ आणि नारळांना दिले ८५०, चिठ्ठी आहे. म्हणजे ड्रॉवरात असायला हवेत ११,२७५.

मोजले: ५०० च्या १४, २०० च्या ९, १०० च्या १६, ५० च्या ७, २० च्या ११, १० च्या १७, चिल्लर ८५. झाले ११,२२५. पन्नास कमी.

आता खिशातून पन्नास टाकून मेळ बसवायचा मोह होतो. टाकू नका. तसंच जास्त आले तर उचलू नका. जास्त आले म्हणजे कोणाला तरी कमी दिलेत, तो उद्या येईल. आधी नोटा पुन्हा मोजा, चिकटलेल्या बघा, खणाच्या मागे सरकलेली नोट बघा. मग चिठ्ठ्या. त्या दिवशी दुपारी कोणीतरी लिंबं आणायला पन्नास नेले होते आणि चिठ्ठी टाकली नव्हती. म्हणून गल्ल्यातून रुपया जरी बाहेर गेला तरी कागद आत आलाच पाहिजे, मालकाने नेला तरी. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा लिहिताना अंकांची अदलाबदल झालेली असते: ६४० चे ४६० लिहिले की १८० चा फरक येतो. जुने दिवाणजी हे बघता बघता पकडायचे. एवढं करूनही सापडलं नाही, तर रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, "तूट ५०" असं स्वच्छ लिहा आणि सही करा. महिन्यात दोन-तीनदा दहा-वीस कमी-जास्त असणाऱ्या वहीवर मालक विश्वास ठेवतो. रोज रुपयाबरोबर जुळणारी वही बघून माझ्या एका मालकांनी थेट ड्रॉवर तपासला होता.

भरण्याची रक्कम शंभर-शंभर नोटांच्या गड्ड्या करून कागदी पट्टीने बांधा, पिना मारू नका. बँकेत रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने जाऊ नका, आणि मोठी रक्कम असेल तर एकटं जायला नकार द्या. भरण्याची स्लिप परत आली की रोजमेळाला जोडायची, खिशात ठेवायची नाही. धुण्यात गेलेली स्लिप मी एकदा इस्त्रीने सुकवली आहे.

उद्याची सुरुवातीची शिल्लक वेगळ्या पाकिटात, त्यावर आकडा आणि सही, ते पाकीट तिजोरीत. मग रिकामा ड्रॉवर तसाच उघडा ठेवून दिवा मालवायचा. बाहेरून बघणाऱ्याला आत काही नाही हे दिसलं म्हणजे निदान कुलूप आणि ड्रॉवर तरी वाचतात. आणि साडेसातची गाडी चुकलीच असेल तर घरी आधी फोन करा.